‘ओढणारे’ : बैल

आधी नोंद वाचू, मग तिच्याभोवतीचं लेखन.

{
"राज्य": "बडोदे",
"मार्ग": "डभोई–मियागाम",
"सुरू": "१८६२",
"अंतर": "२० मैल",
"गेज": "२ फूट ६ इंच",
"ओढणारे": "बैल"
}

ही नोंद कुठल्या दप्तरातून उतरवलेली नाही, रसग्रहणासाठी मीच जुळवली आहे. मजकूर मात्र इतिहासातला. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम हा वीस मैलांचा लोहमार्ग पडला. आपल्या उपखंडातली ही पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे खरोखरच बैल ओढत. पुढे तिची ‘गायकवाड्ज बरोडा स्टेट रेल्वे’ झाली, तिचं जाळं वाढलं, आणि १९४९ साली ती बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेमध्ये विलीन झाली. आज पश्चिम रेल्वेच्या वडोदरा मंडळाचं कार्यालय वडोदऱ्यातल्या आमच्या प्रतापनगरातच आहे, आणि नॅरोगेजची गाडी आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी स्वतः पाहिलेली आहे. प्रतापनगरात वाढलेल्याला ‘गेज’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. प्रोग्रामला मात्र लागतं.

वरची नोंद जेसन या लेखनपद्धतीत आहे. तिच्यात की, म्हणजे डावीकडचं नाव, देवनागरीत चालते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत क्लासमधल्या फील्डचं नावही देवनागरीत देता येतं. ऑफिसात कोणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता समजा, आपल्याकडे ‘रेल्वेमार्ग’ नावाचा क्लास आहे. त्याला वर्ष पूर्णांकात हवं, अंतर किलोमीटरमध्ये, गेज मिलिमीटरमध्ये. गाडी कशावर चालते याचं उत्तर त्याला ठरलेल्या चारदोन पर्यायांतूनच हवं. नोंदीची रीत एक, क्लासची दुसरी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशी नोंद जुन्या माणसांनी जुन्या मापांत केलेली असते, तिला आता बदल म्हणून सांगता येत नाही. क्लासवर पुढची सगळी गणितं उभी आहेत, तोही नोंदीसारखा वाकडातिकडा होऊन चालणार नाही. यांच्यामध्ये उभी राहते ती लायब्ररी, आणि तिला सूचना देतात ती ॲनोटेशन्स. फील्डच्या डोक्यावर ‘@’ लावून लिहिलेली ती ओळ. माझ्या मते या लेखनाचं सौंदर्य एकाच गोष्टीत आहे. दोन्ही बाजूंचा जिथे मतभेद आहे नेमकी तिथेच तो लिहिलेला असतो, आणि जिथे मतभेद नाही तिथे काहीच लिहिलेलं नसतं. चांगला क्लास वाचताना ‘@’ कुठे आहेत एवढंच पाहिलं तरी डेटा कुठून आला, त्याचा स्वभाव काय, कुठे तडजोड करावी लागली, सगळं कळतं.

हे सुख पूर्वी नव्हतं. जावात ॲनोटेशन्स आली ती २००४ साली, पाचव्या आवृत्तीत. त्याआधी कुठली की कुठल्या फील्डमध्ये जायची याचं कोष्टक वेगळ्या एक्सएमएल फाइलीत असायचं. क्लास एका फोल्डरमध्ये, कोष्टक दुसऱ्या. कोणी फील्डचं नाव बदललं की कंपायलर खूश, आणि प्रोग्राम चालवल्यावर रडारड. एक्सएमएलसाठीच्या जॅक्सबी या लायब्ररीची पहिली आवृत्ती २००३ ची. तिच्यात स्कीमावरून क्लास आपोआप तयार व्हायचे आणि फेरफार करायचे तर बाइंडिंगच्या वेगळ्या फाइलीत. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे चित्र पालटलं: क्लास तुमचा, तुमच्या हाताने लिहिलेला, आणि त्याच्यावर चार ॲनोटेशन्स. सन कंपनीत तिच्या मूळ अंमलबजावणीवर काम करणारे कोहसुके कावागुची पुढे हडसन-जेन्किन्स या ऑटोमेशन सर्व्हरमुळे जगभर गाजले, पण माझ्या लेखी त्यांचं हे आधीचं काम जास्त नजाकतीचं. जावा ६ बरोबर जॅक्सबी फुकट हातात येत असे. २०१८ च्या जावा ११ मधून ती बाहेर काढली गेली. आता वेगळी जोडून घ्यावी लागते. जेसनच्या बाजूला तातू सालोरांता या फिनलंडच्या प्रोग्रामरची जॅक्सन ही लायब्ररी आहे. तिची १.० आवृत्ती २००९ ची. पुढचं वाचन मुख्यतः जॅक्सनचं. जॅक्सबी मध्येमध्ये येईल, कारण एका ठिकाणी ती जॅक्सनपेक्षा सरस आहे.

‘मार्ग’ या कीपासून सुरुवात करू. क्लासमध्येही ‘मार्ग’ नावाचंच फील्ड आहे, दोन्हीकडे साधा मजकूर. इथे एकही ॲनोटेशन नाही, आणि असू नये. काही मंडळी प्रत्येक फील्डवर @जेसनप्रॉपर्टी लावून त्यात तेच नाव पुन्हा लिहितात. सुरक्षित वाटतं म्हणे. मला ते लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव प्रत्येक ओळीत छापल्यासारखं वाटतं. खरा मतभेद मग त्या गर्दीत हरवतो.

‘राज्य’ या कीपाशी पहिला मतभेद येतो. क्लासमधल्या फील्डचं नाव ‘संस्थान’ आहे. दुसऱ्या एखाद्या फाइलीत हीच की ‘मालक’ असेल. इथे @जेसनप्रॉपर्टी एक मुख्य नाव देते आणि @जेसनअलायस बाकीची नावं मान्य करते. हे अलायस जॅक्सनच्या २.९ आवृत्तीत, २०१७ मध्ये आलं. त्यातली गोम अशी की ते फक्त वाचताना चालतं. ऐकून घेताना सगळी नावं, लिहून देताना एकच. जुन्या फाइली जशा आहेत तशा आत येतात, पण बाहेर पडताना सगळ्या एका शिस्तीत. डेटा स्वच्छ करण्याची वेगळी मोहीम काढावी लागत नाही. फाइल एकदा आत येऊन बाहेर गेली की तेवढ्याने स्वच्छ होते. मात्र अलायसकडून लोक भलत्या अपेक्षा ठेवतात. आमचं शहर १९७४ साली बडोद्याचं अधिकृतपणे वडोदरा झालं, तरी स्टेशनचा कोड आजही बीआरसीच आहे. ‘बडोदे’ आणि ‘वडोदरा’ एकच समज, असं या फील्डवर अलायस लावून सांगता येत नाही, कारण तो मतभेद कीचा नाही, किंमतीचा आहे. किंमतीच्या मतभेदाला वेगळं औषध आहे, आणि ते पाहायला ‘गेज’ सर्वांत उत्तम.

‘२ फूट ६ इंच’. या चार शब्दांतून ७६२ हा आकडा काढायचा आहे. लायब्ररीला हे आपसूक येणार नाही. म्हणून फील्डवर @जेसनडिसिरियलाइझ लावून आपल्या हाताने लिहिलेल्या एका छोट्या क्लासकडे बोट दाखवायचं. त्या क्लासचं काम एकच: मजकूर घ्यायचा, मिलिमीटर द्यायचे. वरून पाच ओळींचं वाटतं, पण त्यात उतरल्यावर गंमत सुरू होते. मजकुरातले अंक शोधायला आपण रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतो. ‘कोणताही अंक’ असं सांगणारं त्यातलं नेहमीचं चिन्ह जावात मुळात फक्त इंग्रजी अंक ओळखतं. ‘२’ ला ते अंक मानतच नाही. आणि तोच ‘२’ जावाच्या मजकुरावरून पूर्णांक काढणाऱ्या साध्या पद्धतीला दिला, तर ती बिनतक्रार वाचते, कारण तिला युनिकोडमधले सगळे दशमान अंक चालतात. एकाच घरातल्या दोन भावांची ही दोन मतं. युनिकोडचा पर्याय चालू केला की रेग्युलर एक्स्प्रेशनही शहाणी होते. महाराष्ट्रात किंवा इथे गुजरातेत सरकारी तक्ते वाचणाऱ्या प्रत्येकाने ही ठेच खाल्लेली असते.

पुढे हिशेब. तीस इंच गुणिले २५.४, म्हणजे बरोबर ७६२. शिल्लक शून्य. आता हाच क्लास ब्रॉडगेजवर चालवू. ५ फूट ६ इंच म्हणजे सहासष्ट इंच, म्हणजे १६७६.४ मिलिमीटर. भारतीय रेल्वे लिहिते १६७६. ते ०.४ कुठे गेलं? जाताना गेलं तर फारसं बिघडत नाही. पण परत येताना १६७६ ला २५.४ ने भागलं की सहासष्टला किंचित कमी इंच येतात, आणि आपला भोळा कोड ‘५ फूट ५ इंच’ लिहून मोकळा होतो. नॅरोगेज जाऊन-येऊन सहीसलामत, ब्रॉडगेज मात्र एक इंच गमावून परत. रूपांतर लिहिणाऱ्याची कसोटी जाण्यात नाही, परत येण्यात आहे.

आणि इथेच जॅक्सबीला दाद द्यावी लागते. जॅक्सबीत @एक्सएमएलजावाटाइपॲडॅप्टर हे ॲनोटेशन ज्या ॲडॅप्टर क्लासकडे बोट दाखवतं, त्यात दोन पद्धती असतातच: एक आत आणणारी, एक बाहेर नेणारी. दोन्ही एकाखाली एक. एक लिहिली आणि दुसरी विसरलो, असं होत नाही. कंपायलरच सोडत नाही. ब्रॉडगेजचा तो इंच तिथे नजरेला लगेच सापडतो, कारण गुणाकाराच्या खाली भागाकार दिसत असतो. जॅक्सनमध्ये आत आणण्याचं ॲनोटेशन वेगळं, बाहेर नेण्याचं वेगळं, क्लासही वेगळे. लवचिक आहे, पण अर्धंच लिहून झोपी जाण्याची सोयही त्यात आहे. रचनेच्या दृष्टीने मला जॅक्सबीचा ॲडॅप्टर अधिक देखणा वाटतो.

देखणेपणाबरोबर एक दुर्गुणही येतो. ॲडॅप्टरला मजकूर कळला नाही, समजा ‘अडीच फूट’ असं लिहिलेलं निघालं, आणि त्याने तक्रार केली, तर जॅक्सबी ती तक्रार एका घटना-हाताळणाऱ्याकडे पाठवते. आपण तो नेमलेला नसेल तर मूळचा हाताळणारा पुढे जाऊ देतो. ऑब्जेक्ट तयार होतो, गेजच्या जागी नल. कोणी ओरडत नाही. आठवड्याने एखादा अहवाल चुकतो तेव्हा शोध सुरू. जॅक्सन अशा वेळी तिथल्या तिथे थांबते आणि कुठे थांबली तेही सांगते: रेल्वेमार्ग, त्यातलं गेज. पाच पातळ्या खोल असलेल्या नोंदीतही ही वाट पूर्ण लिहून मिळते. रात्री दोन वाजता सर्व्हरचा लॉग चाळणाऱ्याला या एका ओळीचं मोल विचारा.

गेजचा आणखी एक पदर आहे. प्रतापनगर–डभोई मार्ग पूर्वी नॅरोगेज होता, आता ब्रॉडगेज आहे. १७ जानेवारी २०२१ ला केवडियापर्यंतची ब्रॉडगेज सुरू झाली तेव्हा प्रतापनगर–केवडिया मेमूही त्यावरून धावू लागली. म्हणजे एका मार्गाला एक गेज ही समजूतच चूक. जुन्या फाइलीत एक किंमत, नव्या फाइलीत किंमतींची यादी. त्यासाठी @जेसनफॉरमॅटमध्ये एक सोय आहे. एकटी किंमत आली तर तिलाच एका घटकाची यादी समज, असं सांगता येतं. क्लासमध्ये मग यादीच राहते, आणि जुनी नोंद जुन्यासारखीच राहिली तरी चालते.

आता ‘ओढणारे’. माझ्या मते सगळ्या नोंदीतली सर्वांत रसाळ ओळ हीच. क्लास आजच्या माणसाने लिहिलेला. ‘ट्रॅक्शन’ या फील्डला त्याने तीन पर्याय ठेवले: वाफ, डिझेल, वीज. नोंद म्हणते बैल. जॅक्सनच्या मूळ स्वभावाप्रमाणे इथे सगळं थांबतं: या नावाचा पर्याय नाही, मला माहीत आहेत ते हे तीन. मग कोणीतरी सुचवतं, एक चौथा पर्याय ‘अज्ञात’ घाल, त्यावर @जेसनएनमडिफॉल्टव्हॅल्यू लाव आणि त्याची सेटिंग चालू कर. लगेच काम चालू. टेस्ट हिरव्या. आणि उपखंडातल्या पहिल्या नॅरोगेजचे बैल ‘अज्ञात’ होऊन बसतात. ज्ञात होते, अगदी लिहून ठेवलेले होते. आपल्या क्लासने त्यांना अज्ञात केलं.

हेच प्रकरण कीच्या पातळीवरही घडतं. क्लासमध्ये ‘ओढणारे’ला जुळणारं फील्डच नसेल तर जॅक्सनची दुसरी मालिका मुळात अडून बसते. अडलेली गाडी सोडवायला बहुतेक जण क्लासच्या डोक्यावर ‘अनोळखी की सोडून दे’ असं सांगणारं @जेसनइग्नोअरप्रॉपर्टीज लावतात. आमच्या धंद्यात ही ओळ सर्रास डकवली जाते, बरेचदा विचार न करता. बाहेरच्या कंपनीच्या सेवेतून डेटा येतो आणि ती आठवड्याला नवी की घालते, तिथे ती योग्यच. पण स्वतःच्या दप्तरातली जुनी नोंद वाचताना अनोळखी की म्हणजे कचरा नसतो. तिथे मला @जेसनएनीसेटर फार आवडतं. कुठल्याच फील्डमध्ये न बसणारी प्रत्येक की ते एका बाजूच्या पिशवीत, नावासकट, जपून ठेवतं. जोडीला @जेसनएनीगेटर लावलं की परत लिहिताना त्या कीज बाहेरही येतात. क्लासला बैल कळले नाहीत तरी त्याने ते हरवले नाहीत. आणि कळायलाच हवे असतील तर ॲनोटेशनची गरजच नाही. पर्यायांच्या यादीत ‘बैल’ ही एक ओळ वाढवायची. हा उपाय सुचायला वेळ लागतो, कारण हात आधी ‘@’ कडे जातो. नोंदीपुढे क्लासचंच चुकत असेल तेव्हा क्लास बदलावा.

वेळापत्रकात असा दुसरा नमुना सापडतो. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जीटीएफएस नावाचं लेखन जगभर वापरतात. त्यात मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाडीची पोचण्याची वेळ ‘२४:४०’ किंवा ‘२५:३५’ अशीही लिहितात, म्हणजे ती गाडी कालच्या दिवसाची हे कळतं. जावाचा घड्याळी वेळ दाखवणारा प्रमाण क्लास ‘२५:३५’ ऐकूनच घेत नाही. नवखा माणूस डिसिरियलायझर लिहून चोवीस वजा करतो, आणि गाडी पोचते निघायच्या आधी. थोडा मुरलेला माणूस फील्डचा प्रकारच बदलतो. ही घड्याळातली वेळ नाहीच, सेवेचा दिवस सुरू झाल्यापासूनचा अवधी आहे. ‘२५:३५’ म्हणजे पंचवीस तास पस्तीस मिनिटं. डिसिरियलायझर तरीही लागतो, पण आता तो सरळ आहे, त्यात वजाबाकी नाही. ॲनोटेशन लावायला गेलो आणि डेटाचा खरा अर्थ हाती लागला, असं या कामात अधूनमधून होतं. त्यामुळेच मी या कामाला कंटाळत नाही.

हे सगळं एका क्लासवर चढवलं तर काय होतं, हेही पाहायला हवं. गेजच्या फील्डवर नाव, अलायस, आत आणणारं, बाहेर नेणारं, यादीची सोय. एका फील्डच्या डोक्यावर पाच मजले, खाली बिचारं ‘गेज’. जॅक्सनने यावर छान तोडगा दिलाय: @जॅक्सनॲनोटेशन्सइनसाइड. आपलं स्वतःचं एक ॲनोटेशन बनवायचं, समजा @जुनंमाप, आणि हे सगळे मजले त्याच्या पोटात टाकायचे. फील्डवर मग एकच ओळ, आणि ती आपल्या व्यवसायाच्या बोलीतली. आत आणणारा आणि बाहेर नेणारा असे दोन्ही क्लास इथे एका गाठोड्यात बांधले जातात, म्हणजे जॅक्सबीच्या ॲडॅप्टरचा जो गुण आपण वाखाणला तो इथे जवळजवळ परत मिळतो.

दुसरी अडचण जास्त मूलभूत. क्लास आपला नसेल तर? दुसऱ्या टीमचा, किंवा जारमधून आलेला, ज्यावर आपल्याला एक अक्षर लिहिता येत नाही. जॅक्सनची मिक्स-इन ही कल्पना इथे कामाला येते, आणि सगळ्या लायब्ररीत मला ती सर्वांत चतुर वाटते. मूळ क्लाससारखी दिसणारी एक पोकळ सावली लिहायची: तीच फील्ड्स, त्याच पद्धती, आत काही नाही, फक्त ॲनोटेशन्स. मग जॅक्सनमधलं वाचन-लेखन करणाऱ्या ऑब्जेक्टमॅपरला सांगायचं की मूळ क्लास वाचताना या सावलीवरच्या सूचना त्याच्याच समज. मूळ क्लासला पत्ताही लागत नाही. एकाच क्लासला दोन मॅपर दोन सावल्या लावू शकतात: एक जुन्या नोंदींसाठी, एक बाहेरच्या सेवेसाठी. इतिहासाचं चाक इथे अर्धं फिरून येतं. कोष्टक वेगळ्या फाइलीत होतं, ते क्लासवर आलं, आणि आता पुन्हा बाहेर गेलं. फरक एवढाच की हे कोष्टक जावातच लिहिलेलं आहे. जुनं दुखणं मात्र थोडं उरलंच आहे. सावलीचं नातं नावांवर चालतं. मूळ क्लासमध्ये कोणी ‘गेज’चं ‘रुंदी’ केलं तर सावलीवरची सूचना निमूटपणे गळून पडते. म्हणून मिक्स-इन लिहिणाऱ्याने त्याच दिवशी टेस्टही लिहावी, नंतर लिहितो म्हणू नये.

एका ॲनोटेशनचं मात्र मी कौतुक करू शकत नाही, निदान त्याच्या एका रूपाचं. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी शेवटचा शब्द क्लासचा होता. @जेसनटाइपइन्फोमध्ये तो नोंदीकडे जाऊ शकतो. गरज खरी आहे: गाड्यांच्या यादीत पॅसेंजरही असतात, मालगाड्याही, आणि प्रत्येकीची फील्ड्स वेगळी. कुठल्या नोंदीचा कुठला ऑब्जेक्ट करायचा हे नोंदीतूनच कळायला हवं. सभ्य मार्ग असा की नोंदीत ‘प्रकार’ ही की ठेवावी, तिची किंमत ‘मालगाडी’ असावी, आणि @जेसनसबटाइप्समध्ये ‘मालगाडी’ म्हणजे कुठला क्लास हे आपण लिहावं. आळशी मार्ग असा की नोंदीत जावाच्या क्लासचं पूर्ण नावच यावं आणि लायब्ररीने ते जसंच्या तसं मानावं. मग बाहेरून नोंद पाठवणारा परका माणूस ठरवतो की आपल्या सर्व्हरवर कुठला ऑब्जेक्ट तयार व्हायचा. क्लासपाथवर पडून असलेला, तयार होताहोताच भलतं काम करणारा एखादा क्लास त्याने नेमका निवडला, की त्याचा कोड आपल्या मशीनवर चालतो. २०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-७५२५ या क्रमांकाने नोंदवलेला जॅक्सनमधला दोष याच जातीचा होता. त्यावर सुरुवातीला धोकादायक क्लासेसची बंदी-यादी केली गेली. नवा क्लास सापडला की यादीत भर, मग पुढचा सापडला की पुन्हा भर. २०१९ च्या २.१० आवृत्तीत उलट दिशेची सोय आली: कुठले क्लास चालतील ते आधी सांगा, बाकी सगळे बाद. ती वापरावी. त्याहूनही चांगलं, नोंदीत क्लासचं नाव येऊच देऊ नये. ‘मालगाडी’ एवढं पुरतं.